तीन भोकांचं झाकण

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई उगाच तापली. त्या महिन्यात मी बऱ्याच जणांवर तापले आणि त्यातल्या पहिल्याच माणसावर चुकून तापले.

मी पालिकेच्या पकड विभागात होते. शहरात शिरलेले कोल्हे, उदमांजरं, क्वचित एखादं रानडुक्कर पिंजऱ्यात पकडायचं आणि टेकड्यांपलीकडे सोडून यायचं, हे आमचं काम. आमच्या दारासमोर, त्याच बोळात, दुसरं दार आहे आणि त्यावर 'नियमपालन' अशी पाटी. रानातल्या जनावराला कुणी खायला घालताना सापडलं की ते नोटीस काढतात. म्हणजे एका दाराने जनावर पकडायचं आणि दुसऱ्याने त्याला जेवू घालणारा माणूस. मधे चार पावलांचा बोळ. अठरा वर्षांत त्या खोलीतला माणूस आमच्या खोलीत काही विचारायला आला असेल तर शपथ. पंखा बंद पडला तेव्हा आमचं स्टूल न्यायला आले होते, तेवढंच.

नियम तसा एका ओळीचा आहे. उघड्यावर जनावरासाठी अन्न ठेवायचं नाही, कुणीच नाही. पकडणाऱ्यालाही आमिष ठेवायचं तर पिंजऱ्याच्या आत, आणि पिंजऱ्याला स्वतःचा, एरवी अंगावर लावायचा नंबराचा पितळी बिल्ला लावून. कागदावर छान वाटतं. पण शहरातला कोल्हा नियम वाचत नाही, पिंजरा मात्र बरोबर वाचतो. एकदा एखादा भाऊबंद आत गेलेला बघितला की पुढे त्या लोखंडाच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, कागदावर नसलेली. ती मला विभागातल्या सगळ्यात जुन्या पकडणाऱ्याने, वस्तादांनी, शिकवली. "आधी जेवण, मग भिंती," असं ते म्हणायचे. पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्यायचं, कडेला खिळ्याने भोकं पाडायची, त्यातून तार ओवून झाकण जमिनीला जखडायचं, नाहीतर कोल्हा झाकणासकट पसार होतो. झाकणात मासळीचं डोकं आणि वर उकडलेलं अंडं कुस्करून. तीन दिवस असं उघड्यावर जेवू घालायचं. चौथ्या दिवशी पिंजरा शेजारी आणून ठेवायचा, पाचव्या दिवशी झाकण आत. कोल्हा काकडीला राजी म्हणतात. आमचा कोल्हा मासळीच्या डोक्याला राजी होतो, फक्त धीर धरावा लागतो.

भोकं ही प्रत्येकाची खूण. वस्तादांची चार, माझी तीन, गाडीवाल्याची दोन. खूण असायचं कारण असं की दुसऱ्याच्या आमिषाला हात लावायचा नाही. वाटेत आलं तर वळसा घालून जायचं, कुजलं तरी ज्याचं त्याने उचलायचं. दुसऱ्या हाताचा वास लागला की आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. मी कामाला लागले त्या दिवशी बाकीचे हसत होते की ही बाई कोल्हा बघून किंचाळेल. वस्तादांनी मला बाजूला घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. हात लावण्याआधी बघ. आणि दुसऱ्याच्या आमिषाला हात लावू नकोस.

सहा वर्षांपूर्वी वस्ताद निवृत्त झाले. पालिकेच्या वसाहतीतल्या शेवटच्या ओळीत, नाल्याच्या कडेला, त्यांना आणि काकूंना दोन खोल्यांत राहू दिलं होतं. अट एकच. वर्तणूक चांगली हवी, आणि पालिकेच्या कुठल्याही नियमाखाली तीन नोटिसा झाल्या की सुनावणी, सुनावणीत दोषी ठरलं की महिन्याभरात खोल्या खाली. पहिली तीन वर्षं मी दर आठवड्याला जायचे त्यांच्याकडे. मग महिन्याला. मग जाऊ जाऊ म्हणत राहिले.

एका सोमवारी काकू आमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून आल्या. गुडघे दुखतात म्हणून बाजारात न जाणारी बाई तीन मजले चढली. माझ्या टेबलावर त्यांनी एक कागद आपटला.

"तुझ्या खात्याने पाठवलाय," त्या म्हणाल्या. "वाच."

तिसरी नोटीस होती. खोली क्रमांक चौदाच्या मागच्या दाराशी कोल्ह्यांसाठी अन्न ठेवल्याचं तिसऱ्यांदा आढळलं. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी. खाली जोडलेल्या कागदावर माझी सही.

ही सही कशी आली ते सांगते. समोरच्या खोलीत एक निरीक्षक आहे. आम्ही त्याला 'कॅमेरा' म्हणतो, कारण तो माणसाशी बोलत नाही, फोटो काढतो. त्याच्या फोटोंवर पकड विभागाचा अभिप्राय लागतो: अन्न रानातल्या जनावरासाठी ठेवलेलं दिसतं का, होय किंवा नाही. फोटोच्या काळ्यापांढऱ्या प्रतींचा गठ्ठा आठवड्याला माझ्या टेबलावर यायचा. त्यावर फक्त फाईलचा नंबर. पत्ता दुसऱ्या पानावर असतो आणि ते पान आमच्याकडे येतच नाही. मी 'होय'वर खूण करायची आणि सही ठोकायची.

"पहिल्या दोन नोटिसांवरही तुझीच सही आहे," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, ती येईल, ती बघेल. मी वाट बघून थकले."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंवर नव्हे, वस्तादांवर. त्याच नाल्याच्या कडेला गेले तीन आठवडे मी कोल्ह्यांच्या एका जोडीला आमिषाची सवय लावत होते. पिंजरे स्प्रिंगसाठी दुरुस्तीला पडलेले, म्हणून पिंजऱ्याविनाच नऊ ठिकाणी झाकणं ठेवत होते. आमच्या विभागाच्या साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, चालू ठेवा, सवय मोडू देऊ नका. आणि इकडे आमचा म्हातारा दाराशी बसून त्याच कोल्ह्यांना जेवू घालतोय! तरीच ते इतके सुस्तावले होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वस्ताद जमिनीवर बसून काकूंच्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी चप्पलही काढली नाही.

"वस्ताद, तुम्हाला कळत नाही का हो?" मी म्हटलं. "आयुष्यभर लोकांना सांगत फिरलात, खायला घालू नका, जनावर माणसाळलं की मरतं. आणि आता स्वतः? करमत नसेल तर दुसरं काहीतरी करा. इथे मी तीन आठवडे नाल्यात पाय घालून काम करतेय, आणि तुम्ही त्यावर पाणी ओतताय. वर काकूंना या वयात घराबाहेर काढायची वेळ आणलीत."

अजून बरंच बोलले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलायला गेल्या तर वस्तादांनी हाताने थांबवलं.

"तू फोटो बघितलास का?" त्यांनी विचारलं.

"बघितला की. सही काय अशीच केली?"

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा सुई ओवायला लागले.

फोटो मी बघितला नव्हता. तिन्हीपैकी एकही नाही. एकेका गठ्ठ्यात चाळीस प्रती यायच्या, कोण बघतंय. पण रागाच्या भरात माणूस खोटं बोलतो तेव्हा ते खोटं आहे हे त्याचं त्यालाही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं थंड झालं. काही झालं तरी वस्ताद. सुनावणीत एखादी पळवाट काढता येईल म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या दारातून आत गेले. 'कॅमेरा' डबा उघडून बसला होता. फाईलचा नंबर सांगितला, त्याने संगणकावर फोटो काढून दिला, रंगीत, पडदाभर.

चिखल, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणात मासळीचं डोकं आणि पिवळाधमक अंड्याचा चुरा. झाकणाच्या कडेला तीन भोकं. तिसरं जरा वाकडं, कारण माझ्या घरचा खिळा वाकडा आहे.

मी दुसरा फोटो काढायला लावला. तीन भोकं. पहिला. तीन भोकं. काळ्यापांढऱ्या प्रतीतही दिसली असती. एवढी मोठी भोकं, आंधळ्यालाही बोटाने लागली असती.

खोल्यांचे नंबर समोरच्या बाजूने रंगवलेत. मी यायचे नाल्याच्या पायवाटेने, मागून. मागून सगळी दारं सारखीच, हिरवी आणि गंजलेली. त्यातलं एक वस्तादांचं, हे माझ्या मनातही आलं नाही. आमिष माझं, सही माझी, आणि घर जाणार त्यांचं. आणि मी जाऊन त्यांनाच झापून आले होते. मला इतकी लाज वाटली की ती सहन होईना, म्हणून मी पुन्हा चिडले.

"फोटो काढताना दार वाजवून विचारायला काय झालं होतं तुला?" मी 'कॅमेरा'वर ओरडले.

"विचारायचं कलम नाही, बाई," तो म्हणाला. "फोटोचं आहे."

मी तशीच साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला खुर्ची दिली.

"हे बघा, तुम्ही सांगितलंत की आमिष तुमचं, तर तुमचा बिल्ला गेला," ते म्हणाले. "उघड्यावरचं अन्न, पिंजरा नाही, बिल्ला नाही. मग विचारतील, बाकीचे कसं करतात? सगळ्या विभागाला लागेल. वस्तादांना एक मुलगा आहे ना? तो नेईल त्यांना. तुमची अजून बारा वर्षं नोकरी आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, चालू ठेवा?"

"मी असं कागदावर कुठे म्हटलंय?"

साहेबांच्या टेबलावर काचेखाली नियमाची प्रत ठेवलेली असते. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता. तो कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मारला नाही, याचंही मला नंतर वाईट वाटलं.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही सगळे सुनावणीच्या खोलीत. लांब टेबल, पलीकडे सुनावणी घेणाऱ्या एक चष्म्यावाल्या बाई, सर्दीने बेजार, पुढ्यात रुमालांची चवड. एका बाजूला साहेब आणि 'कॅमेरा', दुसऱ्या बाजूला वस्ताद, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काकू. नोटीस वाचून झाली तशी मी उभी राहिले.

"ते आमिष माझं आहे. पकडायच्या कामासाठी मी ठेवलं होतं. वस्तादांचा त्यात काही संबंध नाही."

साहेबांनी डोळे मिटले. बाईंनी नाक पुसलं. "पुरावा?"

मी पिशवीतून माझं झाकण काढलं आणि टेबलावर ठेवलं. भोकं दाखवली, खूण समजावली, मासळी आणि अंडं कसं मिसळायचं ते सांगितलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"ही रीत तुम्हाला कुणी शिकवली?"

"वस्तादांनी."

"म्हणजे त्यांना ती येते." बाईंनी लिहून घेतलं. "आणि तीन भोकं कुणीही पाडू शकतं."

एवढ्यात वस्ताद उठले. हात मागे बांधलेले, साहेब लोकांपुढे उभं राहायची जुनी सवय.

"ती पोरगी उगाच मधे पडतेय," ते म्हणाले. "मी ठेवलं. म्हातारपणी करमत नाही, कोल्हे येतात, बरं वाटतं. चूक झाली."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"तू बस."

मी ओरडले की ते खोटं बोलताहेत. बाईंनी पेनाने टेबल वाजवलं. मग त्या वस्तादांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला, कारण गुन्हा कबूल करणारा माणूस सगळ्यांनाच आवडतो.

"आजोबा, पहिल्या नोटिशीनंतर तरी ते उचलून टाकायचं होतंत. दोन पावलांवर होतं. झाकण रिकामं करून नाल्यात फेकलं असतंत तर आज इथे यायची वेळ आली नसती. का नाही उचललंत?"

वस्ताद जरा दुखावल्यासारखे झाले. अडाणी समजून कुणी काही शिकवावं तसे.

"असं कसं उचलायचं?" ते म्हणाले. "दुसऱ्याच्या आमिषाला हात लावत नाहीत."

बाईंचं पेन थांबलं. वस्तादांना उशिरा कळलं, आणि ते कळलेलं त्यांच्या मानेपर्यंत लाल होत गेलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मग आमिष तुमचं होतं, तर अभिप्रायावर तीन वेळा 'होय' अशी सही कशी केलीत?"

या प्रश्नाला माझ्याकडे दोन शब्दांचं उत्तर होतं: न बघता. ते मी दिलं नाही. मी साहेबांकडे बोट केलं आणि सुटले. पिंजरे तीन आठवडे दुरुस्तीला का पडलेत, चालू ठेवा कुणी म्हटलं, एकाच बोळातल्या दोन खोल्या एकमेकींना विचारत का नाहीत, कोल्ह्याला जेवण दिलं तर गुन्हा आणि पकडायला दिलं तर काम, मग बघणाऱ्याने ओळखायचं कसं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. जे बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेबांनी कानांवर हात ठेवले. असा काही प्रकार विभागात चालतो याची त्यांना म्हणे कल्पनाच नव्हती. राग फार सोयीचा असतो. त्या आवाजात बाईंचा प्रश्न वाहून गेला आणि त्यांनीही पुन्हा विचारला नाही.

निकाल अर्ध्या तासात आला. वस्तादांच्या तिन्ही नोटिसा रद्द, खोल्या त्यांच्याच. माझा बिल्ला जमा, मला पिंजरे धुण्याच्या शेडमध्ये बदली. साहेबांना काही नाही. 'कॅमेरा'ला काही नाही. विनाबिल्ल्याचं सगळं अन्न आजच्या आज उचलावं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. अठरा वर्षांत त्याच्या मागच्या बाजूला माझ्या घामाचा काळा डाग पडला होता.

वस्ताद माझ्याशी न बोलता जिना उतरले. मला वाटलं, बिल्ला गेला म्हणून रागावलेत.

दुपारी निघून मी एकेक झाकण उचलत गेले. पुलाखालचं, गोदामामागचं, शाळेच्या कुंपणाचं. नववं वस्तादांच्या दाराशी. मी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. वस्ताद मागच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी. दोन हातांवर माझं झाकण, सोमवारी ठेवलेलं डोकं तसंच, मुंग्या लागलेल्या. एक मांजर सारखं जवळ यायला बघत होतं आणि ते काठी आपटून त्याला हाकलत होते. आज उचला, असा पालिकेचा हुकूम होता, तरी त्यांनी बोटही लावलं नव्हतं. राखण करत बसले होते.

"आलीस?" ते म्हणाले. "उचल तुझं."

मी उकिडवी बसून तार सोडवायला लागले. अर्थात मी चिडलेलीच होते.

"पहिल्याच दिवशी मला हाक मारली असतीत तर हे काही झालंच नसतं," मी म्हटलं. "खूण ओळखलीत ना तुम्ही? मग गप्प का बसलात?"

"पहिल्या नोटिशीवर तुझी सही बघितली," वस्ताद म्हणाले. "म्हटलं, तिने फोटो बघितला असणार. तीन भोकं बघितली असणार. तरी सही केली, म्हणजे पोरीची काहीतरी अडचण असेल. नोकरीवर आलं असेल. येईल, सांगेल. दुसरी आली. म्हटलं, लाज वाटत असेल, येईल." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तू आलीस ती मला झापायला. मी विचारलं, बघितलास का. म्हणालीस, बघितला. तेव्हा मी ठरवलं, हिला वाचवायचंच."

तार सुटली होती. मी झाकण हातात घेतलं.

"आता खरं सांग. बघितला होतास?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, वस्ताद."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "ते मी समजून घेतलं होतं."

खुर्चीची घडी करून ते आत गेले. दार त्यांनी लावलं नाही, मला आतही बोलावलं नाही. मांजर पुन्हा जवळ आलं. मी मासळीचं डोकं पिशवीत टाकलं, नाल्यावर जाऊन झाकण धुतलं आणि मागच्या बाजूने, एकेक दार नीट बघत, परत निघाले.